भाड्याच्या घरात छताच्या कडेला ओल: माझा अनुभव

बेळगावात पावसाचा जोर वाढला की वडगावातल्या मी भाड्यानं दिलेल्या घरात स्लॅब आणि भिंत मिळतात तिथं ओल यायची. पोपडे सुटायचे, पांढरा खार फुलायचा. छताचा मधला भाग मात्र ठणठणीत कोरडा. आतून पुट्टी, ओलरोधक रंग, गच्चीवर डांबर, सगळं झालं. भाडेकरू काकूंचा फोन आला की उचलायची भीती वाटायची.

शेवटी कळलं, पाणी गच्चीचा स्लॅब आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) यांच्या सांध्यातून झिरपत होतं. काम उन्हाळ्यातच काढायचं. सांध्यातला पोकळ वाजणारा गिलावा फोडून साधारण 25 मिमी खोल खाच घेतली, तारेच्या ब्रशनं साफ करून भिजवली. पाणी निथळल्यावर सिमेंट आणि लेटेक्सचा (माल घट्ट धरून ठेवणारं पातळ रसायन) हात दिला. तो चिकट असतानाच 1:3 सिमेंट-वाळूचा माल लेटेक्स घालून भरायचा. गवंडी इथंच चहाला जातो, म्हणून समोर उभं राहा. वर गोल वाटा (कोपऱ्यातली गोलाई) काढला आणि सात दिवस पाणी मारलं. पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक कोटिंगचे (पाणी रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, पॅरापेटवर फूटभर चढवून. कोटिंग सुकल्यावर गच्चीच्या पाइपची तोंडं बंद करून 48 तास पाणी साठवलं. खाली थेंब नाही. आतला गिलावा खडखडीत वाळल्यावरच रंग लावला.