टायर जाड टाकायचाय? आधी रिम आतून मोजा

मागचा टायर झिजला की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो, नवीन घ्यायचाच आहे तर एक साइज जाड घेऊया, मागून बाइक कसली भारी दिसेल. माझ्याही डोक्यात वळवळला होता. कंपनीचा १२०/८०-१७ होता, त्याजागी मी १४०/७०-१७ टाकला आणि तेही सगळं मोजूनमापून, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं. चूक नेमकी मोजण्यातच होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे १४०/७० ची उंची १४० च्या ७० टक्के, ९८ मिमी. शेवटचा १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात, आणि यात अर्धा इंचही इकडेतिकडे चालत नाही, १७ च्या रिमवर १७ चाच टायर. आता गंमत अशी की ही १४० रुंदी टायरची स्वतःची अशी पक्की नसते, ती एका ठरावीक रुंदीच्या रिमवर बसवून मोजलेली असते. १४०/७० साठी ती रिम ४.०० इंची. तोच टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि तो बारीक होतो. साधारण हिशोब असा की रिम अर्धा इंच बदलली की टायरची रुंदी ५ मिमीच्या आसपास बदलते.

आता रिम. अलॉय असेल तर एखाद्या आऱ्यावर किंवा रिमच्या कडेला साइज कोरलेली असते, १७ × एमटी ३.५० अशी काहीतरी. यातला १७ व्यास आणि ३.५० रुंदी, एमटी हा रिमच्या कडेचा प्रकार, ट्यूबलेस चाकांवर हाच दिसतो. ओल्या फडक्याने चेनचं काळं ऑइल पुसलं की बहुतेक वेळा सापडतंच, त्यामुळे टेप हातात घ्यायच्या आधी फडकं घ्या. मी फडकं घेतलं नाही, डायरेक्ट मोजायला बसलो.

मी रिम बाहेरून मोजली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. भरली ८९ मिमी. ८९ भागिले २५.४, साडेतीन इंच बरोब्बर, मी खूश, कारण १४०/७० ला ३.५० ते ४.५० पर्यंतची रिम चालते, म्हणजे आपण बसतोय मर्यादेत. पण रिमची रुंदी बाहेरून मोजत नाहीत हो. टायरची कड, म्हणजे बीड, आतून जिथे टेकते तिथून समोरच्या तशाच जागेपर्यंत मोजतात, दोन्ही कडांची जाडी त्यात धरायची नाही. माझ्या रिमची कड एका बाजूला साडेसहा मिमी जाड, दोन्ही मिळून १३. ८९ मधून १३ गेले, राहिले ७६. म्हणजे रिम ३.०० ची. नंतर टायर उतरवल्यावर आऱ्यावरची घाण पुसली तर खाली स्पष्ट ३.०० लिहिलेलं, काय बोलणार. तर टायर चढवलेला असताना मोजायचं असेल तर बाहेरून मोजा, कडेची जाडी व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीने घ्या, दुप्पट करा आणि वजा करा.

मग काय झालं? १४० चा टायर चढवल्यावर व्हर्नियर लावून पाहिलं तर १३१ मिमी भरला. म्हणजे पैसे १४० चे आणि मिळाला १३० च्या आसपासचा, पण खरा वांधा रुंदीचा नव्हताच, आकाराचा होता. बाजू आत ओढल्या गेल्यामुळे मधला भाग वर आला, मागून बघितलं तर टायर गोल न दिसता थोडा टोकदार दिसायचा. सरळ जाताना ठीक, पण वळणावर झुकवली की आधी झटकन आत पडायची आणि मग मधेच कुठेतरी अनिश्चित वाटायचं, भरवसाच यायचा नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. फळ्यावरचा साधा खडू घ्या, टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढा, हवा बरोबर भरलेली असू द्या, आणि सपाट जागेवर बाइक सरळ थोडी पुढे न्या. रेघ जिथे पुसली तिथे टायर जमिनीला टेकतोय. माझी मधे जेमतेम तीन बोटं पुसली गेली, जुन्या १२०/८० वर त्याहून रुंद पट्टा पुसला जायचा. म्हणजे जाड टायर टाकून मी टेकणारा पट्टा कमी करून घेतला, आणि वर वजन वाढवलं ते वेगळंच. मधलं रबर लवकर झिजून चपटं होतं आणि कडेचं कोरंच राहतं.

उलटी चूकही होते, रुंद रिमवर बारीक टायर. तेव्हा टायर ताणला जाऊन वरून सपाट होतो, थोडं झुकलं की लगेच कडेवर येतो, आणि रिमची कड उघडी पडते, खड्ड्यात पहिला मार तिलाच. बीडही नीट धरून बसत नाही. ही चूक कमी लोक करतात कारण दिसायला ती भारी दिसत नाही ना.

मग कुठल्या टायरला किती रिम? १७ इंचीमधले नेहमीचे सांगतो. ११०/७० ला ३.०० सगळ्यात बरी, १२०/७० ला ३.५०, १३०/७० लाही ३.५०, १४०/७० ला ४.००, १६०/६० ला ४.५०, १८०/५५ ला ५.५०. दोन्ही बाजूला थोडी सूट असते, ती टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइजपुढे दिलेली असते आणि तोच आकडा अंतिम धरा, दुकानदार "बसतो हो साहेब, रोज बसवतो" म्हणाला तरी. बसतो हे खरंच आहे, माझाही बसलाच होता की. माझं मत विचाराल तर मर्यादेच्या टोकावर जाऊ नका, मधे राहा.

जुन्या बाइकवर इंचात साइज असते, २.७५-१८ किंवा ३.००-१८ अशी, आणि तिथे लोक फार गोंधळतात. हा २.७५ टायरचा आहे, रिमचा नाही. त्याची रिम साधारण १.८५ असते. मिलिमीटरमध्ये घ्यायचं तर २.७५ च्या जागी ८०/१००, ३.०० च्या जागी ९०/९०.

रिम जुळली तरी उंची बघा. १२०/८० चा एकूण व्यास ६२४ मिमीच्या आसपास, १४०/७० चा ६२८, फरक नगण्य, म्हणून तर मी फसलो, वाटलं सगळंच जुळतंय. पण १५०/७० घ्याल तर ६४२ होतो, मग स्पीडोमीटर जर मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर चुकीचा वेग दाखवेल, आणि मडगार्डला घासायची भीती. चेन, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), मडगार्ड तिन्हीकडे बोट सहज फिरेल एवढी जागा हवीच, आणि ती चेन ताणून चाक पुढेमागे सरकवूनही बघा कारण चाक पुढे आलं की जागा कमी होते. टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा साइजच्या पुढे लिहिलेला असतो, तो कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, ६६ म्हणजे ३०० किलो, ५८ म्हणजे २३६. पुढचा टायर तर उगाच बदलूच नका, हँडलिंगची सगळी मजा तिथे आहे.

टायर चढवून घेताना बाजूला उभे राहा. टायरवर चाक फिरायची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बरोबर आहे का बघा. हवा भरल्यावर साइडवॉलवर रिमच्या अगदी जवळ एक बारीक उंचवट्याची रेघ गोल फिरलेली असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आत गेलेली दिसली तर बीड तिथे बसलेलं नाही, हवा काढून साबणाचं पाणी लावून परत भरायला सांगा, साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर प्रेशर नेऊन ठोकून बसवू देऊ नका. आणि नवीन टायरचं रबर सुरुवातीला गुळगुळीत असतं, पहिले शंभरेक किलोमीटर जरा हळूच झुकवा.

मी शेवटी परत १२०/८० वर आलो. तो १४० अजून माळ्यावर पडलाय, कोणाकडे ४.०० ची रिम असेल तर सांगा.