कंबरदुखीचं कारण सापडत नसेल तर: काय लिहायचं, काय विचारायचं, कुणाकडं जायचं

सिझर झालेल्या बाईची कंबर दुखायला लागली की आमच्याकडं कारण शोधावंच लागत नाही. मणक्यात इंजेक्शन दिलं होतं ना, मग दुखणारच. बाळंतपणात वारं लागलं. डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीत. मी तासगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ही कारणं मला घरच्यांनी आणि शेजारणींनी सांगितली, इंजेक्शनचं कारण तर डॉक्टरांकडूनही ऐकलं. पुढं कंबरेचा एमआरआय काढला तेव्हा ‘मणक्यात गॅप आहे’ हे आणखी एक कारण मिळालं.

खरा आजार निघाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि पाठीचा कणा जिथं कमरेच्या हाडांना जुळतो त्या सांध्यांना सूज येते. डॉक्टर त्यांना एसआय जॉइंट म्हणतात. हे नाव हाती यायला काही वर्षं गेली. जगभर या आजाराच्या रुग्णांची निदानाआधी वर्षं जातात आणि बायकांची त्याहून जास्त, कारण हा पुरुषांचा आजार अशी समजूत फार काळ होती.

माझं निदान पुढं सरकलं ते एका साध्या प्रश्नामुळं: “रात्री दुखण्यानं जाग येते का? आणि उठून फिरलं की बरं वाटतं का?” असा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघू नये, उत्तर आपणच लिहून न्यावं. एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय. तुमचं दुखणं कंबरेचं नसेल, थकवा असेल, पोट असेल, येणारा-जाणारा ताप असेल, तरी पद्धत हीच.

आधी वही

दोन आठवडे रोज लिहा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर वही पटकन उघडते. कुठं दुखतं ते एकदाच लिहायचं, कधी दुखतं ते रोज. किती वाजता झोपले, किती वाजता जाग आली, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहिला, काय केल्यावर वाढलं, काय केल्यावर उतरलं, कोणती गोळी घेतली आणि तिनं किती तास फरक पडला. बायकांनी पाळीच्या तारखाही घालाव्यात. ताप वाटत असेल तर कपाळाला हात लावून ठरवू नका, थर्मामीटर लावून सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहा. थकवा असेल तर ‘फार थकते’ असं लिहिण्यापेक्षा ‘जिना चढून बसावं लागलं’, ‘धुणं अर्ध्यावर सोडलं’ असं लिहा. डॉक्टरांना त्यावरून अंदाज येतो.

माझ्या वहीत जे दिसलं ते मला आधी नुसतं जाणवत होतं, नीट सांगता येत नव्हतं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला जाग. उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या की उतार. सकाळी नळाखालची कळशी उचलायला वाकता यायला पाऊण तास. रविवारी आराम केला की सोमवारी कंबर जास्त ताठ. आणि कवायतीच्या तासाला मुलांबरोबर हातपाय हलवले की दुपार बरी जायची. गादी सरकल्याचं दुखणं सहसा याच्या उलट वागतं: काम केलं, वजन उचललं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं.

संधिवातातल्या तज्ज्ञांनी २००९ साली सुजेमुळं होणाऱ्या पाठदुखीच्या पाच खुणा ठरवल्या. वयाच्या चाळिशीच्या आत सुरुवात, हळूहळू वाढत आलेलं दुखणं, व्यायामानं बरं वाटणं, आरामानं बरं न वाटणं, आणि रात्रीचं दुखणं जे उठल्यावर कमी होतं. तीन महिन्यांच्या वर पाठ दुखत असेल आणि यातल्या चार खुणा जुळत असतील तर सुजेच्या दुखण्याची शंका घ्यायला हवी. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण ‘गॅप आहे’ म्हणून विषय बंदही करता येत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या गोष्टी लिहा, आजच्या त्रासाशी संबंध वाटत नसला तरी. मला कधीतरी एक डोळा लाल होऊन उजेड सोसेनासा झाला होता. थेंब घालून बरा झाला आणि विसरूनही गेले. डोळ्याच्या आतली ती सूज आणि कंबर एकाच आजाराच्या असू शकतात हे मला पुढं कळलं. तसंच टाचा दुखणं, सोरायसिस, वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त, आणि आई-वडील, भावंडांपैकी कुणाला असाच त्रास आहे का, हेही लिहा.

काही लक्षणं असतील तर मात्र वही लिहीत बसू नका. पायांतली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं: त्याच दिवशी दवाखाना गाठा. कंबरदुखीसोबत बारीक ताप, रात्री घाम आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासावा लागतो. आपल्याकडं तो अजून पुष्कळ आढळतो आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

फाइल

सगळे कागद तारखेनं लावा. वर एक पान स्वतःच्या हातानं लिहा: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या महिन्यात कोणती तपासणी, कोणतं औषध किती दिवस, त्याचा काय परिणाम. एक्स-रे आणि एमआरआयची फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, चांगले डॉक्टर फिल्म स्वतः बघतात. मोबाइलमध्येही सगळ्याचे फोटो असू द्या. पावसाळ्यात गळक्या कपाटातली फाइल भिजते, हे खेड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

ज्या दवाखान्यात भरती होता तिथले कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत रुग्णानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असं आहे आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपणंही बंधनकारक आहे. एका ठिकाणी मला “जुनं काही सापडत नाही” म्हणून परत पाठवलं होतं. नियमाचा उल्लेख करून अर्ज दिला आणि कागद मिळाले.

डॉक्टरांसमोर

गर्दीच्या ओपीडीत आपल्याला पाच-सात मिनिटं मिळतात. पहिली दोन वाक्यं घरी पाठ करून जा. माझी अशी होती: “डॉक्टर, दोन वर्षांपासून कंबर दुखते. पहाटे दुखण्यानं जाग येते, चाललं की कमी होतं, सकाळी पाऊण तास अंग ताठ असतं, आणि कंबरेच्या एमआरआयनंतरच्या उपचारानं फरक नाही.” सिझरची गोष्ट नंतर. सुरुवात सिझरपासून केली की ऐकणारा तिथंच थांबतो.

बोलायचं आपण. मी हे बायकांना मुद्दाम सांगतेय. नवरा किंवा सासूबाई सोबत असल्या तर चांगलंच, रात्री आपण कशा तळमळतो ते त्यांनी जरूर सांगावं, पण दुखणं आपलं आहे आणि ते आपल्याच तोंडून डॉक्टरांपर्यंत गेलं पाहिजे.

“सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका” असं उत्तर आलं तर उठून जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. या तपासण्यांवरून कोणते आजार नाहीत हे नक्की झालं? हे नसेल तर आणखी काय असू शकतं? आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत येऊ? उत्तरं त्यांच्यासमोरच वहीत लिहा. शांतपणे विचारलं तर बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात, आणि पुष्कळदा विचारता विचारता त्यांनाही पुढची दिशा सुचते. मन खचलंय असं म्हणाले तर तेही नाकारू नका. वर्षभर झोप नसलेल्या माणसाचं मन खचतंच. त्यावर उपचार घ्या, पण शोध चालू ठेवा.

कुणाकडं जायचं? आधी एक एमडी मेडिसिन डॉक्टर पक्के करा, जे फाइल एकत्र बघतील आणि पुढं चिठ्ठी देऊन पाठवतील. दर दोन महिन्यांनी नवा डॉक्टर केला की प्रत्येक जण पहिल्या पायरीपासून सुरू करतो आणि त्याच त्याच तपासण्या होतात. सुजेची शंका असेल तर चिठ्ठी संधिवाततज्ज्ञांकडं मागा, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे, हे अजूनही कित्येकांना माहीत नाही. आमच्या भागातले लोक मिरज, कोल्हापूर नाहीतर पुणं गाठतात. प्रवास झेपत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर व्हिडिओनं मोफत सल्ला मिळतो. तिथून संपूर्ण निदान होईल अशी अपेक्षा नको, पण कोणत्या विभागात जावं हे विचारता येतं.

तपासण्या

सुरुवात साध्या रक्तापासून: हिमोग्लोबिन आणि पेशी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते या दोन्हींवरून कळतं), साखर, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, मूत्रपिंड, यकृत, लघवी. थकवा, मुंग्या, अंगदुखी यांचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते. पण लॅबच्या जाहिरातीतलं ‘फुल बॉडी पॅकेज’ बघून मनानं सगळं करून घेऊ नका. शंका नसताना केलेल्या तपासणीत काहीतरी थोडंफार वर-खाली येतंच आणि मग त्याच्यामागं पळापळ होते. एएनए ही संधिवाताची तपासणी धडधाकट माणसातही कधी कधी थोडी पॉझिटिव्ह येते.

माझ्या आजाराबद्दल चार गोष्टी सांगते, कारण याच ठिकाणी निदान हुकतं. आरए फॅक्टर ही संधिवातासाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी यात सहसा निगेटिव्ह असते, म्हणून “संधिवात नाही” असं म्हणता येत नाही. ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल असूनही आजार असू शकतो. एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागतात, म्हणून शंका असेल तर एसआय जॉइंटचा एमआरआय काढावा लागतो. माझा आधीचा एमआरआय कंबरेच्या मणक्यांचा होता, त्यात हे सांधे नीट तपासलेच जात नाहीत. त्यात दिसलेली फुगलेली गादी तर न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही दिसते. आणि एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी: ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असंही नाही. तिचा अर्थ वहीतल्या खुणा आणि एमआरआय यांच्यासोबतच लागतो.

एमआरआयआधी सुजेवरच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि एक कळकळीची विनंती. बाजारात, जत्रेत, ओळखीच्या ओळखीतून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. दोन दिवसांत पळायला लागता, खरी सूज झाकली जाते, आणि साखर, हाडं, चेहरा सगळ्यावर परिणाम होतो. आधी घेतल्या असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि पुडी दाखवा. एकदम बंदही करू नका, त्यांच्या सल्ल्यानंच सोडा.

नाव मिळाल्यावर

मला सूज कमी करणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम सुरू झाला आणि काही आठवड्यांत पहाटेची जाग कमी झाली. गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं. ती देण्याआधी दडलेला टीबी तपासतात, ती तपासणी टाळू नका. गोळ्या दीर्घकाळ चालल्या तर मूत्रपिंडाची आणि बीपीची तपासणी ठरावीक काळानं करावी लागते. डोळा परत लाल झाला तर दुकानातून थेंब न आणता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं आणि आजाराचं नाव सांगायचं.

हा आजार घराण्यात चालू शकतो, म्हणून भावंडांना विचारा. माझ्या धाकट्या भावाच्या टाचा सकाळी दुखायच्या आणि तो चपला बदलत बसला होता. त्याला मी दोन आठवडे वही लिहायला लावली आणि ती घेऊन संधिवाततज्ज्ञांकडं पाठवलं.