गहू-हरभऱ्याच्या वावरातील उंदरांचा बंदोबस्त

सोयाबीन निघाले की त्या वावरातील उंदीर धुऱ्यात (बांधात) आणि गंजीखाली आसरा घेतात, आणि गहू गुडघ्याएवढा झाला की पुन्हा आत शिरतात. म्हणून बंदोबस्त ओंब्या दिसू लागल्यावर नव्हे, तर गहू पोटरीवर येण्यापूर्वीच व्हायला हवा. ओंब्या भरल्यावर उंदरासमोर इतके खाद्य असते की तो आमिषाकडे फिरकत नाही.

नुकसान ओळखणे कठीण नाही. बुडाजवळ तिरपे कापलेले गव्हाचे ताट आणि शेजारी बिळाच्या तोंडाशी ओलसर, भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला, तर तेथे घुशीच्या जातीचा उंदीर आहे असे समजावे. हा उंदीर ओंब्या बिळात नेऊन साठवतो, त्यामुळे त्याने खाल्ल्यापेक्षा वाहून नेलेलेच पुष्कळदा अधिक असते.

पहिल्या दिवशी सायंकाळी धुऱ्यावरील व वावरातील सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच राबती. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणाऱ्याचे निम्मे औषध रिकाम्या बिळांत जाते, हे मी आमच्याच वावरात पाहिले आहे.

उंदीर अनोळखी खाद्य आधी थोडेसेच चाखतो. त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून राबत्या बिळांत आधी भरडलेल्या ज्वारीला किंवा गव्हाला थोडे गोडेतेल चोळून प्रत्येकी सुमारे २० ग्रॅम बिनविषारी आमिष ठेवावे आणि दोन दिवस जाऊ द्यावेत. त्यानंतर ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड (उंदीर मारण्याचे विष), म्हणजे एक किलो आमिषासाठी ९६० ग्रॅम भरड आणि प्रत्येकी २० ग्रॅम तेल व औषध, काठीने कालवून १० ग्रॅमच्या कागदी पुड्या कराव्यात आणि बिळात खोलवर सरकवाव्यात. यात पाणी कदापि घालू नये, कारण ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. या विषावर नेमका उतारा नाही. म्हणून हातमोजे घालावेत, घरातील भांडी वापरू नयेत, आणि लेकरे, गुरे, कोंबड्या त्या दिवशी वावरापासून दूर ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. ते उघड्यावर राहिले तर कुत्री, मांजरे आणि घुबडेही दगावू शकतात. घुबड आणि धामण हे आपले बिनपगारी राखणदार आहेत, त्यांना मारू नये. उलट पिकाच्या वर डोके काढतील असे इंग्रजी टी अक्षरासारखे लाकडी पक्षीथांबे वावरात उभारावेत.

एकट्याने केलेला बंदोबस्त टिकत नाही, कारण शेजारच्या धुऱ्यातील उंदीर मोकळ्या झालेल्या बिळांत लगेच येतो. धान पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडील बांध्यांत, धुरे रुंद असतील तर ही अडचण अधिक जाणवते; तेथे धुरे शक्य तितके अरुंद व तणमुक्त ठेवावेत आणि शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात काम हाती घ्यावे.

यानंतर बिळे पुन्हा बुजवून पाहावीत. जी उकरली जातील तेथे झिंक फॉस्फाईड परत वापरू नये, कारण वाचलेला उंदीर ते ओळखतो; तेथे ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या, सावकाश काम करणाऱ्या उंदीरनाशकाचे आमिष प्रत्येक बिळात १५ ग्रॅम ठेवावे. त्याचा परिणाम दिसायला चार ते सात दिवस लागतात.