डिलॅमिनेशनचं मॉडेल करताय? मेश लावायच्या आधी हे वाचा

रत्नागिरी-चिपळूणकडची एमटेकची पोरं कार्बन फायबर लॅमिनेटच्या डिलॅमिनेशनवर, म्हणजे थर एकमेकांपासून सुटण्यावर, प्रोजेक्ट घेतात आणि मग तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहितोय. प्लाय म्हणजे थर कसे रचतात, डीसीबी टेस्ट (आधीच क्रॅक असलेल्या पट्टीची दोन टोकं ओढून उघडायची टेस्ट) काय असते हे माहीत आहे असं धरतो. व्हीसीसीटी (क्रॅक पुढे सरकायला लागणारी एनर्जी काढायची पद्धत) की कोहेसिव्ह (थरांमधला जोड हळूहळू सुटताना दाखवणारं मॉडेल) यावर फार दिवस घालवू नका. क्रॅक आधीपासून आहे आणि जाणार कुठून ते ठाऊक आहे तर व्हीसीसीटी चालतं, सुरुवात कुठे होते तेच बघायचंय तर कोहेसिव्ह.

मला खरं छळलं ते कोहेसिव्ह झोनच्या लांबीने. क्रॅकच्या टोकापुढचा जो पट्टा हळूहळू सुटत असतो त्यात मेशचे निदान तीन तुकडे, म्हणजे एलिमेंट, बसायलाच हवेत. लांबीचा अंदाज म्हणजे ई (मटेरियलचा ताठपणा) गुणिले जीसी (क्रॅक वाढायला लागणारी एनर्जी), भागिले थरांमधल्या जोडाच्या स्ट्रेंग्थचा वर्ग. पण ई कुठला? डेटाशीटवर पहिला दिसतो तो फायबरच्या दिशेचा, १३० जीपीएच्या आसपास, आणि तोच घातला जातो. इथे जाडीच्या दिशेचा लागतो, साधारण १० जीपीए. करून बघा: जीसी ०.२८ न्यूटन प्रति मिमी, स्ट्रेंग्थ ६० एमपीए, लांबी येते पाऊण मिलिमीटरच्या जरा वर, म्हणजे एलिमेंट पाव मिलिमीटरचा. १३० घातलं तर तीच लांबी १० मिमी दिसते, तुम्ही खुशाल ३ मिमीचा मेश लावता, पीक लोड टेस्टपेक्षा वर जातो, पुढे ग्राफ करवतीसारखा होतो, आणि मग जीसी कमी करून ग्राफ जुळवायचा मोह होतो. ते अजिबात करू नका. जीसी टेस्टमधून मोजलेला आकडा आहे, तो तुमच्या सोयीने बदलत नाही.

कॉम्प्युटरला झेपत नसेल तर स्ट्रेंग्थ अर्धी करा, लांबी चौपट होते आणि १ मिमीचा मेश चालतो. डीसीबीसारख्या आधीच लांब क्रॅक असलेल्या नमुन्यात पीक फारसा हलत नाही. बिनक्रॅकच्या भागात मात्र ही युक्ती वापरू नका, तिथे सगळा खेळ स्ट्रेंग्थचाच असतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होडी वर ओढली की दुरुस्तीवाले छोट्या हातोडीने फायबर ठोकत जातात, आवाज बद्द आला की तिथे खडूने गोल काढतात. थर सुटलेत हे त्यांना कानाने कळतं. ती काच-फायबर, आपलं कार्बन, पण मॉडेल करणाऱ्याने हे एकदा उभं राहून ऐकावंच असं माझं ठाम मत आहे.

सिनियरची तयार इनपुट फाइल घेऊ नका, तिच्यात व्हिस्कस डॅम्पिंग (रन अडकू नये म्हणून घातलेला कृत्रिम विरोध) किती टाकलंय हे त्यालाही आठवत नसतं. डॅम्पिंग वापरलंत तर त्यात गेलेली एनर्जी एकूण स्ट्रेन एनर्जीशी ताडून बघा. चांगला गाइड तोच जो रन बघायच्या आधी बीम थिअरीने हाताने काढलेला लोड-डिस्प्लेसमेंट ग्राफचा सुरुवातीचा स्लोप मागतो. डीसीबीसाठी तीन ईआय भागिले दोन ए घन (ए म्हणजे क्रॅकची लांबी, आय म्हणजे एका बाजूच्या पट्टीचा मोमेंट ऑफ इनर्शिया), एका ओळीचं काम आहे. या ईआयमध्ये मात्र ई फायबरच्याच दिशेचा, परत गोंधळू नका.

रन मध्येच बंद पडला म्हणून खचू नका, सगळ्यांचे पडतात. क्रॅक झटकन पुढे सरकतो तिथे सॉल्व्हर अडखळणारच, इन्क्रिमेंट बारीक करा. आणि जून ते सप्टेंबर रिस्टार्ट फाइल चालू ठेवा, आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. नमुने स्वतः बनवणार असाल तर फ्रीझरमधला प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं फायबरचं कापड) रूम टेंपरेचरला येईपर्यंत पिशवी फोडू नका, या दमट हवेत त्यावर लगेच पाणी धरतं.