तक्रार खरी, फाईल कच्ची : विद्यापीठातल्या चौकशीत या चुका टाळा

प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक फलक असतो. वर 'विशाखा समिती', खाली नावं आणि फोन नंबर. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी ही समिती. मी समितीची अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या फलकावरच्या दोन प्राध्यापिका निवृत्त झाल्या होत्या, एक बाई बदली होऊन गेल्या होत्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून जिचं नाव होतं तिला पदवी घेऊन तीन वर्षं झाली होती. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम येणार म्हणून फलक नुकताच पुसून चकचकीत केलेला. नावं मात्र तशीच.

पुढची काही वर्षं आमच्याकडे आणि बाहेरची सदस्य म्हणून इतर महाविद्यालयांत या कामात घालवली. त्यावरून एक सांगते. तक्रारी फार कमी वेळा खोट्या असतात म्हणून पडतात. बहुतेक वेळा त्या आपल्या, म्हणजे समितीच्या, हातून पडतात. कुठे तारीख नोंदवायची राहते, कुठे कुणाला नोटीस उशिरा जाते, कुठे 'मिटवून टाकू' म्हणत महिना निघून जातो. मग वर्षा-दोन वर्षांनी उच्च न्यायालयात आपला अहवाल रद्द होतो आणि तक्रार करणारी मुलगी पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

समितीच चुकलेली असेल तर पुढचं सगळं वाया

'विशाखा' हे नाव 1997 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आलं. आज लागू आहे तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, आणि विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी त्यावर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विनियम, जे मे 2016 मध्ये अधिसूचित झाले. नाव जुनं चाललं तरी हरकत नाही, पण रचना नवीच हवी. अध्यक्ष महिला प्राध्यापक, विद्यापीठात प्रोफेसरपेक्षा कमी दर्जाची नाही, महाविद्यालयात असोसिएट प्रोफेसरपेक्षा कमी नाही. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले, प्राचार्यांनी बोट दाखवलेले नव्हेत. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत.

सर्वाधिक दिसणारी चूक याच विनियमांत स्पष्ट मना केलेली आहे. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती समितीत बसू शकत नाहीत. तरी आपल्याकडे 'वजन यावं' म्हणून विभागप्रमुखांना घेतात. हे वजन तक्रारदाराच्या छातीवर येतं. उद्या तक्रार त्याच विभागातली निघाली तर काय करणार?

बाहेरची सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या वहिनी किंवा संस्थेच्याच वकीलबाई असणं हाही आवडता उद्योग. कागदावर ती बाहेरचीच, पण मुलगी खोलीत शिरताच ओळखते. आणि तक्रार थेट मालकाविरुद्ध, म्हणजे संस्था चालवणाऱ्याविरुद्ध असेल, तर ती आपल्या समितीत घ्यायचीच नाही. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समिती नेमलीच नाही तर संस्थेला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, हे संस्थेच्या कार्यालयात एकदा मोठ्याने वाचून दाखवलं की फलक लवकर बदलतो. अनुभवाने सांगते.

पहिला आठवडा

मुलगी येते, उंबऱ्यावर उभी राहते, म्हणते, "मॅडम, फक्त सांगायचं होतं, तक्रार नाही करायची." इथे दोन टोकांच्या चुका होतात. कुणी ऐकून घेतं, डोक्यावर हात ठेवतं आणि विसरून जातं. कुणी लगेच कागद पुढे सरकवतं, "लिहून दे, नाहीतर काही होणार नाही."

मधला रस्ता आहे. तिला घड्याळ सांगा. शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, कारण लिहून. हे तिला माहीत नसतं. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुदतीच्या मुद्द्यावर टिकली नाही. शेवटची घटना एप्रिल 2023 ची धरली गेली आणि तक्रार डिसेंबरात. न्यायालयाने कुलगुरूंच्या बायोडेटात हा निकाल कायम नमूद करायला सांगितलं खरं, पण चौकशी झाली नाही ती नाहीच. नंतरचा प्रशासकीय त्रास, पदावरून काढणं वगैरे, ही त्याच छळाची पुढची कडी आहे असं न्यायालयाने मानलं नाही. म्हणून घटनांची मालिका असेल तर शेवटची घटना कोणती आणि ती लैंगिक छळाचीच कशी, हे तक्रारीत तारखेसह हवं. उशीर झाला असेल तर त्याचं कारणही त्याच कागदात. परीक्षा चालू होती, गाईडच्या सहीवाचून शोधप्रबंध अडला होता, घरी आई आजारी होती, जे असेल ते.

तिला लिहिता येत नसेल तर मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे, उपकार नाही. तसं कायद्यातच लिहिलंय. मी स्वतः एकदा दोन तास मेसमधल्या बाईंच्या शेजारी बसून त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. "त्यांनी माझ्याशी अश्लील वर्तन केले" असं गुळगुळीत वाक्य मी लिहिलं असतं तर पुढे उलट प्रश्नांत त्यातलं काहीच उभं राहिलं नसतं. कुठे उभा होता, काय बोलला, हात कुठे ठेवला, कोण आत आलं, हेच लागतं.

तक्रार आवकमध्ये नोंदवताना मात्र सांभाळा. अर्ज उघडा टेबलावर ठेवला की चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या इमारतीला कळतं. बंद पाकीट, वेगळी नोंदवही, अध्यक्षांच्या कपाटाची किल्ली. नावं फोडणाऱ्याला दंड आहे, पण दंडाने गेलेली बातमी परत येत नाही.

आणि वय विचारा. आपल्याकडे अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात चालतात, हे दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे किती होतं कुणास ठाऊक. तक्रारदार अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी समितीत बघू, मग ठरवू" हा पर्याय तिथे उरतच नाही. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत.

'मिटवून टाकू' कोण म्हणालं?

कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण तो तक्रारदाराने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशावर तर अजिबात नाही. प्रत्यक्षात समेट मागतो विभागप्रमुख, तोही 'तिच्या भल्यासाठी'. तिचं लग्न ठरलंय, त्यांची मुलं लहान आहेत, संस्थेची शताब्दी आहे. दोघांना समोरासमोर बसवून "सर, सॉरी म्हणा" हे मी तीन वेळा ऐकलंय, आणि तिन्ही वेळा ती मुलगी पुढच्या सेमिस्टरला दिसली नाही.

याच काळात अंतरिम दिलाशाचा, म्हणजे चौकशी संपेपर्यंतच्या संरक्षणाचा, अर्ज घ्यायचा राहतो. समितीला हे फार मोठं हत्यार आहे आणि बऱ्याच जणी ते म्यानातच ठेवतात. तक्रारदाराचं किंवा प्रतिवादीचं दुसऱ्या विभागात स्थलांतर, तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि मुख्य म्हणजे तिचं मूल्यमापन त्याच्या हातातून काढून घेणं. पीएचडीच्या मुलीसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. गाईड बदलायचा तर संशोधन मान्यता समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते, तोवर निदान सहामाही प्रगती अहवालावर सही दुसऱ्या कुणाची असावी. इंटर्नलचे गुण, तोंडी परीक्षा, हॉस्टेलची शिफारस, शिष्यवृत्तीचा फॉर्म, यांतल्या कशावर त्याची सही लागते याची यादी पहिल्याच बैठकीत करा. हल्ला तिथूनच येतो, आणि तो कागदावर अगदी नियमात बसणारा दिसतो.

जात कापून टाकू नका

तक्रारीत मुलीने लिहिलेलं असतं, "सर म्हणाले, तुमच्याकडे हे चालतं ना." समिती ते वाक्य बाजूला ठेवते, कारण 'ते आपल्या अखत्यारीत नाही'. ही मला सगळ्यात जास्त सलणारी चूक. छळ आणि जातीचा अपमान एकाच वाक्यात येतात, तर फाईल दोन झाल्या तरी चालतील, पण वाक्य अर्धं करू नका. तुमच्या अहवालात ते जसंच्या तसं नोंदवा आणि भेदभावाचा भाग समान संधी कक्षाकडे किंवा भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे लेखी पाठवा. अनुसूचित जाती-जमातीची मुलगी असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क तिला सांगा, आणि सांगितल्याची नोंद ठेवा.

यूजीसीच्या 2012 च्या समता विनियमांत भेदभाव कशाला म्हणायचं ते अगदी रोजच्या उदाहरणांनी दिलंय. वर्गात जात पुकारणं, 'कोट्यातला' म्हणून ओळख करून देणं, फेलोशिप अडवणं, वसतिगृहात किंवा मेसमध्ये वेगळं बसवणं. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या जळगावच्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी 2019 च्या मे महिन्यात, जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांत, आत्महत्या केली. त्यानंतर त्यांच्या आई आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आई सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यांचं म्हणणं हेच होतं की हे नियम कागदावरच राहिले. जानेवारी 2026 मध्ये नवे विनियम आले, त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन 2012 चेच चालू ठेवले. तेव्हा 'नवे येतील तेव्हा बघू' ही सबब चालणार नाही.

मुलाने तक्रार केली तर? "आमच्यात बसत नाही" म्हणून परत पाठवू नका. 2013 चा कायदा महिलांपुरता आहे, पण यूजीसीचे विनियम काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही असुरक्षित असतात असं स्पष्ट म्हणतात.

घाई : गोव्याचा धडा

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती चांगल्या माणसांच्या हातून होते. गोवा विद्यापीठात 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या एकामागून एक उरकल्या. प्राध्यापकाने तब्येतीचं कारण देऊन वेळ मागितला, तो पुरेसा मिळाला नाही, त्याच्या गैरहजेरीत चौकशी पुरी झाली आणि विद्यापीठाने त्याला बडतर्फ केलं. उच्च न्यायालयात 2012 मध्ये ते टिकलं. सर्वोच्च न्यायालयात 12 मे 2023 रोजी पडलं. चौकशी मे 2009 मधल्या टप्प्यापासून पुन्हा करा, असा आदेश झाला.

चौदा वर्षं. त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील, त्यांना पुन्हा बोलवायचं.

'त्याला कशाला एवढी संधी द्यायची' असं वाटतं तेव्हा हे प्रकरण आठवा. तक्रारीची प्रत सात दिवसांत त्याला द्या, उत्तराला दहा दिवस द्या, साक्षींच्या प्रती द्या. तो सलग तीन सुनावण्यांना कारणाशिवाय आला नाही तर एकतर्फी जाता येतं, पण आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. वकील कुणालाच नाही. प्रश्न विचारायचा हक्क त्याला आहे, पण समोरासमोर भिडवायची गरज नाही. त्याचे प्रश्न लेखी घ्या, अध्यक्षांनी विचारावेत. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य नसतील तर ती बैठकच नव्हे. इतिवृत्तावर त्याच दिवशी सह्या घ्या, पुढच्या आठवड्यात फिरवून नको. एवढं सगळं 90 दिवसांत बसतं. पहिल्या पंधरवड्यात ढिलाई आणि शेवटच्या पंधरवड्यात धावपळ केली तर मात्र बसत नाही.

पुराव्याबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरेत असं समजू नका. मूळ फोनमधलं संभाषण पुसू नकोस, असं पहिल्याच भेटीत सांगा आणि संपूर्ण चॅट तारखांसह काढून घ्या, फक्त तीन ओळी नकोत. प्रत्यक्ष साक्षीदार नाही म्हणून तक्रार 'सिद्ध झाली नाही' असं लिहिणं हा तर आळस आहे. बंद केबिनमध्ये साक्षीदार कुठून येणार? ही फौजदारी खटल्याची पातळी नाही. कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय, तिने त्याच संध्याकाळी कुणाला सांगितलं, तिची हजेरी कधीपासून घसरली, हे सगळं पाहायचं असतं.

पहिल्याच सुनावणीत 'खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल' हे वाचून दाखवण्याची एक पद्धत आहे. ती बंद करा. पुरावा अपुरा पडणं म्हणजे खोटेपणा नव्हे, असं त्याच कलमात लिहिलंय. ते अर्धं कलम कुणी वाचत नाही.

अहवाल दिल्यावर

अहवाल दहा दिवसांत वर गेला की समिती सुटकेचा निःश्वास टाकते, आणि व्यवस्थापन नवी विभागीय चौकशी नेमतं, पुन्हा सगळ्यांना बोलवायला. हे करता येत नाही. पुण्याच्या 'आलोचना' या स्त्रीविषयक संशोधन संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. कुलसचिव कार्यालयाकडून 'प्राथमिक अहवाल मिळाला' असं पत्र आलं तर लगेच लेखी उत्तर द्या की तो प्राथमिक नाही, अंतिम आहे.

यूजीसीच्या विनियमांत अपिलाला 30 दिवस आणि अपील नसेल तर संस्थेने कारवाई करायलाही 30 दिवस, तर 2013 च्या कायद्यात अनुक्रमे 90 आणि 60. तक्रारदाराला नेहमी कमी मुदत सांगा, म्हणजे चुकायचं नाही. अहवालाची प्रत दोघांनाही जाते. पाठवल्याची पोच ठेवा, आणि पोच ठेवलेली फाईल कुणाच्या कपाटात आहे हे पुढच्या अध्यक्षांना लिहून द्या. मी माझी मुदत संपवून किल्ली दिली तेव्हा नव्या बाईंनी विचारलं, "यातली चालू प्रकरणं कोणती?" मी दोन दाखवली. एकातली मुलगी तोवर पुण्याला नोकरीला लागली होती आणि तिचा पत्ता फाईलमध्ये जुनाच होता.