जादूची कांडी घरी बनवताय? या चुका टाळा

लाकडी कांडी म्हणजे काय, एक काठी, थोडा आकार आणि मुठीवर मुलाचं नाव. तरीही वाढदिवसानंतर आठ दिवसांत ती मोडते, तडकते नाहीतर हाताला चिकटायला लागते. सुरी हातात घेण्याआधी, लाकूड निवडतानाच बरंचसं बिघडलेलं असतं.

ओली फांदी

बागेतली फांदी तोडायची, साल काढायची, लगेच कोरायला बसायचं. महिन्याभरात ती उभी फाटते. लाकूड वाळताना वाढवलयांच्या बाजूने जेवढं आकसतं, ते गाभ्याच्या दिशेने आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. मधला गाभा तसाच ठेवला की हा ताण भेगेतूनच बाहेर पडतो. म्हणून फांदी उभी चिरा, गाभा काढून टाका, फाकांच्या दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेवढंच राहिलं की लाकूड वाळलं. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका.

फांदी कुठल्या झाडाची आहे, हेही बघा. मुलं कांडीचं टोक हमखास चावतात. कण्हेर आणि बिट्टी विषारी, रुई आणि शेराचा चीक डोळ्यांना घातक, बिब्ब्याने अंगावर फोड येतात. झाड ओळखता येत नसेल तर ती फांदी सोडून द्या.

यापेक्षा सुताराकडे जा. ३० सेंमी लांब आणि २० मिमी चौरस असा सागाचा किंवा शिवणीचा तुकडा त्याच्या भंगारातच मिळतो. शिवण सुरीला छान लागते. साग जास्त टिकतो, पण धार लवकर मारतो. पांगारा खेळण्यांना चांगला असला तरी बारीक कांडीला फार मऊ.

रेघ कडेला पळते

कांडी मधूनच मोडली तर मोडलेली जागा बघा. तुकडा तिरका तुटला असेल तर दोष मुलाचा नाही. लाकडाच्या रेघा टोकापर्यंत न जाता मध्येच बाजूने बाहेर पडल्या होत्या. तुकड्याच्या लगतच्या दोन्ही बाजू तपासा, एकीकडून सरळ दिसणारी रेघ दुसरीकडून तिरकी असू शकते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तुकडा करवतीने कापण्याऐवजी कोयत्याने उभा फोडणं. फुटताना तो रेघेनेच फुटतो.

माप मोठ्यांचं, हात लहान

सहा ते आठ वर्षांच्या मुलाला २५ ते २८ सेंमी पुरे. त्यातली मूठ ९ सेंमी लांब आणि १६ ते १८ मिमी जाड. टोक ८ मिमीपेक्षा बारीक करू नका आणि ते गोल घासा. कांडीची तलवार होतेच, त्यामुळे टोकाला १२-१५ मिमीची गोळी त्याच लाकडात कोरून ठेवली तर फारच उत्तम.

मूठ संपते तिथे शोभेच्या खाचा पाडायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण आपटल्यावर सगळा ताण नेमका तिथेच येतो. खाच एक मिमीपेक्षा खोल नको, आणि तिचा तळ गोलसर हवा. व्ही आकाराची धारदार खाच म्हणजे मोडायची जागा आपणच आखून देणं.

खडे, मणी, बटण सेलवर पेटणारे दिवे यांतलं काही चिकटवू नका. ग्लूगनचा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो, आणि सुटलेला खडा धाकट्या भावंडाच्या तोंडात जातो. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते.

नाव कोरताना

गोल मुठीवर थेट लिहिलेलं नाव कडेला वाकतं. १७ मिमीच्या मुठीवर दीड मिमी लाकूड काढलं की जवळपास १० मिमी रुंद सपाट पट्टी मिळते. अक्षराचं अंग ५ मिमी ठेवा, उरलेली जागा वेलांटी, मात्रा आणि उकारांसाठी. कार्बन पेपरने नाव उतरवून घ्या.

नाव कोरण्याऐवजी तापलेल्या टोकाने डाग देऊन लिहीत असाल तर आधी काने आणि उभ्या रेघा, शिरोरेषा शेवटी. शिरोरेषा लाकडाच्या रेघेच्या दिशेने जाते, त्यामुळे तापलेलं टोक दोन रेघांमधल्या मऊ पट्ट्यात शिरून घसरतं. एका दमात ओढू नका, छोटे तुकडे जोडत जा. सोल्डरिंग आयर्न वापरायचं तर त्याला टोक नवीन घाला. जुन्यावर सोल्डरमधलं शिसं असतं. हे सगळं पॉलिशच्या आधी, नंतर केलं तर पॉलिश जळून धूर होतो.

मूल डावखुरं आहे का, हे आधी विचारा. उजव्या हातात आडव्या धरलेल्या कांडीचं टोक डावीकडे येतं, म्हणून नाव टोकाच्या बाजूने सुरू करायचं. डावखुऱ्यासाठी ते मुठीच्या बुडापासून सुरू होतं. चुकलं की मुलाला स्वतःचंच नाव उलटं दिसतं.

घासणं आणि पॉलिश

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने, नेहमी रेघेच्या दिशेने. ८० वरून थेट २४० वर गेलात तर ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. २४० नंतर ओलसर फडका फिरवा, वाळू द्या, तंतू उभे राहतील, मग ३२० मारा.

खोबरेल लावू नका. ते वाळणारं तेल नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. चपडी लाख सोपी पडते: १५ ग्रॅम चपडी १०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर, मग गाळून चार-पाच पातळ हात. दमट हवेत पांढरट झाक आली तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा झरकन फिरवा. लाखेचा हात वाळतच नसेल तर द्रावण जुनं झालंय, ते फेका. सॅनिटायझर लागला तर लाख विरघळते, हे घरच्यांना सांगून ठेवा.

जवसाचं तेल लावलंत तर फडके चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा. रंग द्यायचा तर माळ्यावरचा जुना डबा नको. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही.

टोक मोडलं तर चिकटवू नका. तिथून कापा, परत ८ मिमीवर गोल घासा, लाखेचे दोन हात द्या. दोन सेंमी आखूड झालेली कांडी चालते.