फुप्फुसाचा जुना आजार आणि उडालेली झोप : या चुका टाळा

दम किती लागतो, कफ किती पडतो, पंप वेळेवर घेता का, हे तपासणीत विचारलं जातं. झोपेचं सहसा कुणी विचारत नाही आणि पेशंटही सांगत नाही. ‘या वयात कुठली आलीय झोप’ म्हणून विषय तिथेच मिटतो. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असो, जुना दमा असो की फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार, त्यात झोप मोडणं आणि मन खचणं फार सर्रास आढळतं. त्यावर करण्यासारखंही बरंच आहे. पण आधी शोधायला हवं ते एकच : जाग कशाने येते? खोकल्याने, धाप लागून, लघवीला, घशाशी आंबट येऊन, की नुसती भीती वाटून? हे न शोधता केलेले उपाय बहुतेक वेळा अंगाशी येतात.

‘झोपेची गोळी घेतली की झालं’

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. झोपेत श्वास सगळ्यांचाच मंदावतो. स्वप्नांच्या टप्प्यात तर छातीचे आणि मानेचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा जवळजवळ सगळा भार एकट्या श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्यासारख्या स्नायूवर, येतो. सीओपीडीत हवा अडकून फुप्फुसं फुगलेली असतात, त्यामुळे ते पटल आधीच चपटं झालेलं असतं; जोर लावायला त्याला जागाच उरत नाही. हा टप्पा रात्रीच्या शेवटच्या प्रहरात लांबतो, आणि श्वासनलिकाही नेमक्या पहाटे चारच्या सुमारास जास्त आकसतात. अशा वेळी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी मेंदूची श्वास घ्यायची ओढच मंद केली, तर कार्बन डायऑक्साइड रक्तात साठू शकतो. सकाळी उठल्यावर डोकं ठणकतं, दिवसभर गुंगी असते, ती यामुळे असू शकते. दारूचंही तेच. ‘दोन घोट घेतले की झोप लागते’ हे खरं असलं तरी ती झोप कामाची नाही.

पण हे वाचून महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी आज रात्रीच बंद करू नका. तेही धोक्याचं आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते.

औषधाची वेळ चुकते

प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड संध्याकाळी घेतलं तर रात्र टक्क डोळ्यांनी जाऊ शकते. दिवसातून एकदाच घ्यायचं असेल तर ते सहसा सकाळी खाल्ल्यावर देतात. श्वासनलिका मोकळ्या करणारं थिओफिलिनही झोप उडवतं. लघवीची गोळी रात्री घेतली तर फेऱ्या ठरलेल्याच. कित्येकदा झोपेवर वेगळं औषध लागतच नाही, वेळापत्रक बदललं की भागतं. मात्र ते डॉक्टरांना विचारूनच बदला.

ऑक्सिमीटरशी रात्रभर झटापट

दर तासाला बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघणारा माणूस झोपणार कधी? त्याहून वाईट म्हणजे आकडा उतरला की घरच्यांनी ऑक्सिजनच्या मशीनचा प्रवाह वाढवणं. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो त्यांना साधारण 88 ते 92 टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात. प्रवाह वाढवून 99 गाठला तर आकडा छान दिसतो, माणूस मात्र गुंगीत जाऊ शकतो, कारण ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही. उलट ज्यांना दीर्घकाळ ऑक्सिजन लिहून दिला आहे, त्यांनी लाजेपोटी तो तासाभरात काढून ठेवू नये. दिवसाचे किमान 15 तास लावला तरच त्याचा खरा उपयोग होतो.

घोरण्याकडे काणाडोळा

घोरणं, झोपेत श्वास थांबणं, मग दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास घेणं, हे शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं. सीओपीडी आणि स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबणं) एकत्र आले की त्याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात. यात नुसता ऑक्सिजन पुरत नाही, झोपेची तपासणी करून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लागू शकतं. पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो. तो कपाटात टाकण्याआधी दुसऱ्या मापाचा मागून पाहा.

भीतीला दमा समजणं, दम्याला भीती

रात्री धाप लागली की माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो. श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा आत येतो, हवा आणखी साठते, धाप वाढते. मग पंपावर पंप. त्यातल्या सालब्युटामोलने हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि भीती दुप्पट होते. बसून, थोडं पुढे वाकून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. पंप डॉक्टरांनी सांगितला तेवढा घ्याच, पण बाहेर सोडलेला श्वास विसरू नका. धडधड थांबावी म्हणून दुसऱ्याच्या डब्यातली प्रोप्रॅनोलोलची गोळी मात्र कधीच घेऊ नका. तिने श्वासनलिका आवळू शकतात.

‘टेन्शन घेऊ नका’ हा घरच्यांचा आवडता सल्ला. त्याने आजवर कुणाचं टेन्शन गेलेलं दिसत नाही. थकवा तर आजारानेही येतो, म्हणून थकव्यावरून नैराश्य ओळखायला जाऊ नका. आवडीच्या गोष्टीतही मन लागेनासं झालं, माणसं नकोशी वाटू लागली आणि दोन आठवडे हेच चाललं, तर डॉक्टरांना सांगा. ‘दम लागेल’ या धास्तीने दिवसभर पलंगावर पडून राहिलं की स्नायू झिजतात, रात्रीची झोप दिवसाच संपते आणि मन आणखी खचतं. देखरेखीखालचा व्यायाम, म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन, दम आणि मन दोन्हींवर काम करतो. माझ्या मते तो झोपेच्या गोळीच्या कितीतरी आधी लिहून दिला पाहिजे.

पुढच्या तपासणीला जाताना आठवडाभराची टिपणं न्या : किती वाजता जाग आली, कशाने आली, सकाळी डोकं दुखलं का, कोणतं औषध किती वाजता घेतलं. माणूस असंबद्ध बोलू लागला, उठवूनही नीट जागा होईना किंवा ओठ निळे पडले, तर टिपणं करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. जगणं नकोसं वाटतंय असं कुणी बोलून दाखवलं तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.